रिकामी पेटी आत येत नाही

छप्पर काढल्यानंतरची ती पहिली मोठी साफसफाई. सरकारी हुकूम तसा दरवर्षी निघायचा, वसंतात एकदा आणि शरदात एकदा, आणि आमचं सगळं लुकांग गाव आपापला संसार रस्त्यावर मांडून बसायचं. पण आमच्या गल्लीत तो संसार अंधारात मांडला जाई. समोरासमोरच्या दुकानांची छपरं वर एकमेकांना भिडलेली होती. ऊन नाही, पाऊस नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस छत्रीशिवाय जायचा, आणि कुणाच्या गादीला कुठे भोक आहे ते शेजाऱ्याला दिसायचं नाही. मग आमच्यावर राज्य करणाऱ्या जपानी साहेबांनी ठरवलं की या अंधारात क्षय वाढतो, उंदीर वाढतात आणि तापही वाढतो. छपरं उतरली. पुढच्या महिन्यात रस्ता रुंद करायचा होता, त्यासाठी दुकानांचे पुढचे भाग कापले जाणार होते. म्हणजे त्या सकाळी आमच्या अख्ख्या गल्लीची अब्रू पहिल्यांदाच भर उन्हात पडली होती, आणि बायका एकमेकींच्या उशा बघून घेत होत्या.

मी तेव्हा आईच्या पोटात होते. तरी मला सगळं ठाऊक आहे, कारण घरातल्या प्रत्येकानं ही गोष्ट मला आपापल्या परीनं सांगितली आहे. प्रत्येकाच्या सांगण्यात तो एकटा शहाणा होता आणि बाकी सगळे मूर्ख होते.

सुरुवात मोठ्या काकानं केली. हाइ-तोंग काका ताइचुंगला शाळेत मास्तर होता. सरळ रेषांच्या रस्त्यांचं, नळाच्या पाण्याचं नवं शहर ते. तिथून तो खास साफसफाईसाठी आला होता आणि कोट काढून, बाह्या दुमडून हुकूम सोडत होता. "माळ्यावरचं सगळं खाली घ्या," असं त्यानं दोन हमालांना सांगितलं आणि स्वतः मागच्या विहिरीपाशी चुना कालवायला गेला. हमाल बाहेरगावचे. त्यांनी सगळं म्हणजे सगळंच खाली घेतलं. उदबत्तीच्या काड्यांचे भारे, आजीचा हातमाग, फुटके कंदील, आणि शेवटी दोरखंड लावून आजोबांची आयुष्यपेटी. उंबऱ्याबाहेर नेऊन त्यांनी ती रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावरच बसून घाम पुसू लागले.

आयुष्यपेटी म्हणजे शवपेटीच, पण घरात माणूस जिवंत असताना तिला तसं म्हणत नाहीत. आजोबांच्या साठीला काकानंच ती फूचौच्या देवदाराची करवून आणली होती. आणली तेव्हा आत तांदळाचं पोतं होतं, कारण रिकामी पेटी उंबरा ओलांडून आत आली तर ती भरायला घरातलं माणूस शोधते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

माझे वडील हाइ-सेंग, काकाचे धाकटे भाऊ, घरच्या उदबत्तीच्या दुकानातल्या चाळण्या घेऊन बाहेर आले आणि जागीच थबकले.

"दादा!"

"ओरडतोस कशाला? चुना अजून कालवून झाला नाही," म्हणत काका बादली घेऊनच बाहेर आला. पेटी बघितली आणि त्याचा चेहरा हातातल्या चुन्यासारखा झाला.

"ही कुणी काढली?" वडिलांनी विचारलं.

"मी... मी सगळं म्हणालो. मला म्हणायचं होतं, सगळं सामान."

"आणि कोपऱ्यावर बैलगाडी उभी आहे ती कुणाची?"

बैलगाडी काकाचीच होती. आजोबांचं कपाट आणि ट्रंक चांगह्वाच्या स्टेशनपर्यंत न्यायला त्यानं ती ठरवली होती. आजोबांना कायमचं ताइचुंगला न्यायचं त्याच्या मनात होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त आजोबांना कुणी अजून उघड विचारलं नव्हतं.

"वा! म्हणजे आधी पेटी बाहेर, मग बाबा बाहेर," वडील म्हणाले. "रिकामी पेटी तर परत आत घेता येत नाही, मग चढवा गाडीवर! मास्तर झालास पण डोकं अडत्याचं."

"हाइ-सेंग, आईशप्पथ, मी विसरलो रे!"

"आईची शपथ घालू नकोस. आईच्या वेळीही तू..." वडील थांबले. पण एवढं पुरेसं होतं. काका वळला आणि बादलीतला चुना पुन्हा ढवळू लागला.

आजोबा त्या वेळी माझू देवीच्या देवळात चहा पीत बसले होते. साफसफाईच्या दिवशी ते घरात थांबत नसत. आपल्या वस्तू परक्यांच्या नजरेला पडतात हे त्यांना सोसत नसे. त्यात गेला महिनाभर ते रागात होते. नव्या रस्त्याची हद्द दाखवणारी लाल खुंटी आमच्या दुकानाच्या मधोमध, थेट गल्ल्यासमोर ठोकली होती आणि ती ठोकणारा माणूस होता आमचा तेक-बिंगदादा, काकाचा थोरला मुलगा. तो मोजणीच्या कचेरीत लागला होता. त्या दिवसापासून आजोबा नातवाशी बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगत, "त्या खुंटीवाल्याला म्हणावं, चहा गार होतोय."

आजोबा आले तेव्हा लोकांनी बाजूला होऊन वाट करून दिली. पांढऱ्याशुभ्र दाढीचा तो म्हातारा काठी टेकत आला आणि आपल्या पेटीसमोर उभा राहिला. काका पुढे झाला, "बाबा, माझी चूक..." पण आजोबांनी काठी वर केली. ते पेटीभोवती एक चक्कर मारून आले. मग वाकून झाकणावरून बोट फिरवलं.

"हा काळा नाही," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"हा रंग. दरवर्षी नववर्षाआधी मी स्वतः लाखेचा हात देतो. चांगला काळाभोर देतो. आणि हे बघ! इथे तपकिरी, इथे डाग, इथे तर आतलं लाकूड दिसतंय. इतकी वर्षं मी अंधारात रंगवत बसलो आणि तुम्ही एकानं सांगितलं नाही?"

"बाबा, अंधारात आम्हाला तरी कुठे दिसत होतं," वडील म्हणाले.

समोरच्या दुकानातला कथील-कारागीर फिस्सकन हसला. आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एकदम भांडी घासू लागला.

पण अशा गोष्टी आपापसात मिटत नाहीत. चुआ मामांना बोलावणं गेलं. चुआ मामा म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, माझ्या वडिलांचे मामा. आमच्याकडे भावाभावांत काही बिनसलं की मामा येतो आणि मामा बोलेल ते शेवटचं. आजीच्या पेटीला शेवटचा खिळाही त्यांनीच ठोकला होता. ते गालात सुपारी धरून आले आणि रस्त्यावर काढून ठेवलेल्या, देव्हाऱ्यासमोरच्या आमच्या खुर्चीवर बसले. आजोबा स्वतःच्या पलंगावर बसले. आईनं शेवयांचं पातेलं आणलं आणि कालवांचं धिरडं वाटलं. इतर लोक आपापल्या गाद्या झोडपत होते, पण कान सगळ्यांचे आमच्याकडे होते.

"तांदळाचं पोतं घाला आत आणि न्या उचलून," मामा म्हणाले. "एवढ्यासाठी मला जेवणावरून उठवलंत?"

"नेऊन ठेवणार कुठे, मामा?" काका म्हणाला. "माळा पुढच्या महिन्यात पाडणार. दुकान निम्मं जाणार. मागे मधलं दालन आणि विहिरीचा चौक उरतो. त्यात हे दोघं नवराबायको राहणार, बाळ येणार, उदबत्त्यांचा कारखाना चालणार. बाबा झोपणार कुठे?"

"मधल्या दालनात," वडील म्हणाले. "पूर्वजांसमोर."

"ओलीत?"

"आत्तापर्यंत कुठे झोपत होते? माळ्याखालच्या ओलीतच ना?"

"आत्तापर्यंत खोकत होते!" काकाचा आवाज चढला. "ग्योक-लान, तू सांग. तू शिकलेली सुईण आहेस. सांग या दोघांना."

आईनं शेवयांचा डाव खाली ठेवला. ती राजधानीत, ताइहोकूच्या इस्पितळात शिकून आलेली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्माला आली होती, आणि खोटं बोलणं तिला जमत नसे. ती माझ्या वडिलांकडे न बघता म्हणाली, "भाऊजींचं खरं आहे. माळ्याखालची ती जागा छातीला वाईट आहे. बाबांनी तिथे आणखी एक हिवाळा काढू नये."

वडिलांना वाटलं आपल्याच घरात आपला पाय कुणीतरी ओढला. ते मला सांगायचे, "तुझी आई त्या दिवशी माझ्याशी दगाबाजी करून वर धिरडं वाढत होती." आई म्हणायची, "मी माळ्याबद्दल बोलले. घराबद्दल मला कुणी विचारलंच नाही."

आजोबांनी मात्र तिचं बोलणं मनावर घेतलं. काकाचा हट्ट त्यांनी धुडकावला असता, पण सुनेवर त्यांचा विश्वास होता. सून म्हणते त्या अर्थी आपण आता घरात अडगळ झालो, असं त्यांनी मनाशी धरलं.

एवढ्यात ओनो साहेब आले. आमच्या भागाचे पोलीस, पांढरे हातमोजे घातलेले, प्रत्येक फळीवरून बोट फिरवून बघणारे. मामांनी घाईघाईनं सुपारीचा रस गिळला, कारण रस्त्यावर थुंकलेलं ओनो साहेबांना चालत नसे. काकानं कोट चढवला आणि शुद्ध जपानीत त्यांना सगळं सांगितलं. रीत सांगितली, पोतंही सांगितलं. साहेबांनी टोपी काढून पेटीला हलकंसं वाकून अभिवादन केलं. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी मान हलवली.

"काय म्हणतात?" मामांनी विचारलं.

"म्हणतात, तांदूळ नाही. बंद पेटीत धान्य म्हणजे उंदरांना जेवणाचं आमंत्रण. उंदीर म्हणजे प्लेग. दुसरं काहीही ठेवा. पण संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा हवा, नाहीतर दारावर साफसफाई पास झाल्याची चिठ्ठी लागणार नाही."

"दुसरं काय ठेवणार?" मामा वैतागले. "पेटीत तांदूळ ठेवतात. पेटीत काय दातकोरणी ठेवायची?"

"उदबत्त्या ठेवू," वडील म्हणाले.

"मेल्यासारखा वास येईल," आई म्हणाली आणि जीभ चावली.

तेव्हा आजोबा पलंगावरून उठले.

"गाडी आहे ना कोपऱ्यावर? आणा," ते म्हणाले. "पेटी चढवा. मीही जातो ताइचुंगला."

वडील वाटी खाली ठेवून पुढे आले. "बाबा, असं काय करता? तुम्ही तिकडे गेलात आणि तिकडेच काही झालं, तर तुम्हाला परत या घरात आणता येणार नाही. घराबाहेर प्राण गेलेल्या माणसाला उंबरा बंद असतो. दालनात ठेवता येणार नाही, आईच्या तसबिरीसमोर ठेवता येणार नाही. गावाबाहेर मांडव घालावा लागेल."

"मला माहीत आहे रे. तुझ्याआधीपासून माहीत आहे." आजोबांनी काठी शोधली. ती त्यांच्या हातातच होती. "आपलं दार नाही मिळालं तर मांडव तर मांडव. पोरांना त्रास नको."

मग ज्याला हेच हवं होतं, त्या काकाकडे सगळ्यांनी पाहिलं. काका गाडीवाल्याला हाक मारायला वळला, दोन पावलं गेला आणि चुन्याच्या बादलीशेजारी रस्त्यावरच मटकन बसला. कोटासकट.

"नको," तो म्हणाला.

"आता काय नको?" मामा म्हणाले.

"ताइचुंगला नको. माझी भाड्याची जागा आहे. घरमालक पेटी ठेवू देणार नाही. तिथे पूर्वज नाहीत, कुणी नाही. मी विचार केला होता, पण इतक्या लांबचा नव्हता केला." त्यानं चुन्याच्या हातानं डोळे पुसले आणि ते आणखीनच झोंबले. "मामा, आई गेली तेव्हा मी वेळेत पोचलो नाही. तुम्हाला आठवतंय. गल्लीच्या तोंडापासून इथपर्यंत मी गुडघ्यांवर रांगत आलो, उशिरा आलेला मुलगा म्हणून. दोन्ही बाजूंची दुकानं बघत होती. मला त्या रांगण्याची लाज नाही वाटली. पण आत पोचलो आणि ती झाकलेली होती. मला परत तसं रांगत यायचं नाही. म्हणून वाटलं, बाबा माझ्याजवळ असले तर निदान... मला उशीर तरी होणार नाही."

गल्लीत गाद्या झोडपण्याचा आवाज थांबला. वडील मला सांगायचे की तोपर्यंत दादाला घर विकायचं आहे, मिरवायचं आहे, असं काहीबाही त्यांना वाटत होतं. त्यांनी पुढे होऊन काकाच्या डोळ्यांवर पाणी मारलं आणि म्हणाले, "गाढवा, आधी सांगायचं होतंस."

"तू आईचं नाव काढून अर्ध्यावर थांबलास तेव्हाच सांगणार होतो."

"चुकलं माझं."

मग आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"त्या खुंटीवाल्याला विचारा, पेटी नव्या दारातून आत जाते का?"

तेक-बिंगदादा सकाळपासून खुर्च्या पुसण्याचं नाटक करत होता. तो पुढे आला. "जाते, आजोबा. मी दुकान मोजलं त्याच दिवशी पेटीही मोजली होती. नव्या दर्शनी भिंतीत दार मी पेटीच्या रुंदीचं धरलंय, दोन्ही बाजूला उचलणाऱ्यांचे खांदे धरून. दारापासून दालनापर्यंत सरळ रेषा आहे. कुठेही वळावं लागत नाही."

"भिंतीनं हे आधी का नाही सांगितलं?" आजोबा म्हणाले.

"तुम्ही बोलत नव्हता."

"मी भिंतीशी रोज बोलत होतो." आजोबांनी पहिल्यांदाच नातवाकडे सरळ पाहिलं. "आणि खोकला? सूनबाई, दालनातही ओल आहे का?"

आई म्हणाली, "छप्पर गेल्यापासून सकाळचं ऊन विहिरीच्या चौकापर्यंत येतं, बाबा. दुकानाचा पुढचा भाग गेला की दालनाच्या उंबऱ्यापर्यंत येईल. तिथे पलंग टाकला तर मी स्वतः हो म्हणेन. मला माळ्याचं विचारलं होतं, मी माळ्याचं सांगितलं."

"मग आता एवढंच राहिलं," मामा म्हणाले. "आत काय ठेवायचं? लवकर बोला, मला थुंकायचंय आणि तो साहेब जात नाही."

आजोबा काकाच्या सामानापाशी गेले. काका ताइचुंगहून येताना नेहमी आपली रजई बांधून आणायचा, कारण सासरी गेलेल्या नव्या नवरीसारखी त्याला दुसऱ्याच्या पांघरुणात झोप लागत नसे. साफसफाईच्या नियमाप्रमाणे तीही सकाळपासून उन्हात पडली होती. आजोबांनी ती उचलली, नीट घडी केली आणि पेटीत ठेवली.

"दाजी!" मामा खुर्चीवरून उठले. "जिवंत माणसाचं पांघरूण? अशुभ आहे!"

"रिकामी आणू का मग?"

मामा उभेच राहिले. घराण्याचा न्याय त्यांच्याकडे होता आणि गालात सुपारी होती. शेवटी त्यांनी बोट वर केलं. "रजई चालेल. उशी नाही. उशी ठेवलीत तर मी जबाबदार नाही."

ओनो साहेबांना विचारलं. त्यांनी हातमोजा काढून रजईला हात लावून पाहिला. "उन्हात वाळलेली आहे," ते म्हणाले. "उत्तम."

"आता ऐक," आजोबा काकाला म्हणाले. "ही रजई इथेच राहील. सरकार म्हणतं पांघरूण उन्हात घालायचं, तर दर महिन्याला येऊन तू ती काढायचीस, वाळवायचीस, एक दिवस तिच्यात झोपायचंस आणि परत ठेवायचीस. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हाइ-सेंगनं नाही, त्या खुंटी... तेक-बिंगनंही नाही. आणि जोवर तुझी रजई आत आहे, तोवर मला त्यात जागा नाही. कळलं? तू येऊन काढल्याशिवाय मला जाताच येणार नाही."

चौघांनी पेटी उचलली. पुढे काका आणि वडील, मागे तेक-बिंगदादा आणि तो कथील-कारागीर. मामांनी बाजूला होऊन एकदाचं गटारात थुंकून घेतलं. संध्याकाळच्या आत दारावर चिठ्ठी लागली. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी लाखेचा डबा काढला आणि या वेळी उन्हात बसून रंगवलं.

पुढचं नऊ वर्षांनंतरचं आहे, पण ते इथंच सांगते, कारण ते इथलंच आहे. काका दर महिन्याला यायचा. पुढे लढाई सुरू झाली, गाड्या कधी चालत, कधी नाही, तरी यायचा. मग एका थंडीत आजोबांनी अंथरूण धरलं. तार गेली. चांगह्वाहून गावात येणारी उसाची छोटी आगगाडी बंद होती. डॉक्टर म्हणाले, फार वेळ नाही. मी दालनात त्यांच्या पायाशी बसले होते. ते डोळे मिटून पडलेले, आणि मधूनच विचारायचे, "रजई काढली का कुणी?"

"नाही, आजोबा."

"काढू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन उंबऱ्यावर असताना, काका त्या रुंद दारातून आत आला. बूट चिखलानं भरलेले होते. त्यानं पेटी उघडली, रजई काढली, झटकली आणि आजोबांच्या अंगावर घातली.

आजोबांनी रजईला हात लावून पाहिला.

"आलास?"

"आलो, बाबा," काका म्हणाला. "चालत आलो."